धुराड्याखालचा हिशेब

डहाणूच्या चिकूच्या वाड्यांनी एका वीजकेंद्राला धूर धुवायला लावला, ही गोष्ट महाराष्ट्रात आता फारशी कुणाला आठवत नाही. आठवायला हवी. केंद्र सरकारने १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला होता, आणि तरीही तिथेच ५०० मेगावॅटचे कोळशावरचे वीजकेंद्र उभे राहिले. बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निकाल दिला आणि त्यातून डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. अध्यक्ष होते न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. १९९९ मध्ये या प्राधिकरणाने वीजकंपनीला बजावले की, धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवा. कंपनी मुदती मागत राहिली, न्यायालयात गेली. प्राधिकरण हटले नाही. सुनावण्या होत राहिल्या, बँक हमी मागितली गेली, गावकऱ्यांचे म्हणणे ऐकले गेले. अखेर २००७ मध्ये ती यंत्रणा सुरू झाली.

एका यंत्रणेसाठी आठ वर्षे. तंत्रज्ञान तेव्हाही नवे नव्हते. समुद्राचे खारे पाणी धुरावर सोडायचे, त्या पाण्यातला क्षार गंधकाचा वायू धरून ठेवतो, एवढेच त्याचे मूळ सूत्र. वेळ लागला तो यंत्रासाठी नाही, ‘बसवलेच पाहिजे’ हे मान्य करून घेण्यासाठी.

आज डहाणूची आठवण काढायचे कारण म्हणजे कोळशाच्या विजेबद्दल एक नवे आश्वासन देशभर फिरते आहे. कोळसा जाळत राहू, पण धुरातला कार्बन डायऑक्साइड वातावरणात जाण्याआधीच पकडू आणि जमिनीत पुरू. नीती आयोगाने २०२२ मध्ये या विषयावर धोरणाची चौकट मांडणारा अहवाल काढला. कल्पना खोटी नाही, तिच्यामागचे रसायनशास्त्र पक्के आहे. माझा आक्षेप तिच्या क्रमाला आहे. कार्बन पकडणे ही धूर स्वच्छ करण्याच्या जिन्याची शेवटची पायरी आहे. खालच्या पायऱ्या आपण सोडून दिल्या आहेत, काही तर कायद्यानेच काढून टाकल्या आहेत. अशा वेळी वरच्या पायरीचे आश्वासन देणे म्हणजे धुराड्याखाली राहणाऱ्या माणसाचे देणे बुडवून त्याच्या नातवाला चेक लिहून देण्यासारखे आहे.

आधी हे तंत्र नेमके काय आहे ते पाहू. कोळशाच्या केंद्रातून निघणाऱ्या धुरात कार्बन डायऑक्साइड साधारण १२ ते १५ टक्के असतो, उरलेला मोठा भाग नायट्रोजनचा. हा धूर अमाइन नावाच्या रसायनाच्या पाण्यातल्या द्रावणातून नेतात. सुमारे ४० अंश तापमानाला अमाइन कार्बन डायऑक्साइड धरून ठेवते आणि १२० अंशांच्या आसपास तापवले की सोडून देते. सुटलेला शुद्ध वायू शंभर वातावरणांहून अधिक दाबाखाली दाबून नळातून न्यायचा आणि आठशे मीटरपेक्षा खोल खडकात सोडायचा. अमाइनने वायू धुण्याचे पेटंट १९३० चे आहे, नैसर्गिक वायूच्या उद्योगात ते कित्येक दशके रोज वापरले जाते. नॉर्वेच्या समुद्रात स्लाइप्नर वायूक्षेत्रावर १९९६ पासून वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखाली पुरला गेला आहे. नॉर्वेने १९९१ मध्येच कार्बनवर कर बसवला होता, त्यामुळे वायू हवेत सोडण्यापेक्षा पुरणे स्वस्त पडले.

मग कोळशाच्या केंद्रात अडचण कुठे येते? उष्णतेत. अमाइन तापवायला जी वाफ लागते ती टर्बाइनच्या वाट्याची असते. वायू दाबायला लागणारी वीज त्याच केंद्राची. दोन्ही मिळून केंद्राच्या विजेचा पाचवा ते चौथा हिस्सा खर्ची पडतो. म्हणजे ग्राहकाला तेवढीच वीज द्यायची तर दर चार संचांमागे जवळपास एक संच नव्याने हवा. त्या संचासाठी अधिक कोळसा खणायचा, अधिक मालगाड्या चालवायच्या, अधिक राख कुठेतरी टाकायची. आपल्या कोळशात राखच ३० ते ४५ टक्के असते. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळच्या कोराडी वीजकेंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखेचा चिखल शेतांत आणि नदीनाल्यांत पसरला, ते पाहिलेल्या माणसाला ‘अधिक राख’ या दोन शब्दांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

वायू पकडायचा तर पाणीही दीडपट किंवा त्याहून जास्त लागते, कारण द्रावण आणि वायू सतत थंड करावे लागतात. परळी वैजनाथचे वीजकेंद्र २०१५ मध्ये खडका बंधारा आटल्यामुळे बंद ठेवावे लागले होते. आजच्या तंत्रालाच जिथे पाणी पुरत नाही, तिथे दीडपट पाणी मागणारे तंत्र कोणत्या धरणाच्या भरवशावर आणणार?

जगाने हा प्रयोग करून पाहिला आहे, आणि श्रीमंत देशांनी करून पाहिला आहे. त्याचा ताळेबंद समोर आहे.

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात बाउंड्री डॅम केंद्राचा तिसरा संच २०१४ मध्ये जगातला पहिला मोठा प्रयोग म्हणून सुरू झाला. संच लहान, ११० मेगावॅटच्या आसपासचा. खर्च सुमारे दीड अब्ज कॅनेडियन डॉलर. वर्षाला दहा लाख टन वायू पकडायचा संकल्प होता. राखेच्या सूक्ष्म कणांनी अमाइन खराब होऊ लागले, दुरुस्त्या कराव्या लागल्या, आणि एकूण ५० लाख टनांचा टप्पा गाठायला २०२३ साल उजाडले. पाच वर्षांचे काम आठ वर्षांहून अधिक काळात झाले. सर्वांत बोलका पुरावा मात्र २०१८ चा आहे. त्या वर्षी त्याच सरकारी वीजकंपनीने जाहीर केले की शेजारच्या चौथ्या आणि पाचव्या संचावर ही यंत्रणा बसवणार नाही. सगळा अनुभव ज्यांच्या गाठीशी होता, त्यांनीच दुसऱ्यांदा तो खर्च करायचे नाकारले.

अमेरिकेत टेक्सासमधला पेट्रा नोव्हा प्रकल्प २०१७ च्या सुरुवातीला चालू झाला. सुमारे एक अब्ज डॉलर खर्च, त्यात १९ कोटी डॉलर सरकारचे अनुदान. अमाइन तापवण्यासाठी लागणारी वाफ आणि वीज पुरवायला नैसर्गिक वायूवर चालणारे वेगळे केंद्र उभारावे लागले. तांत्रिकदृष्ट्या हा प्रकल्प बऱ्यापैकी यशस्वी झाला, तीन वर्षांत ३५ लाख टनांच्या आसपास वायू त्याने पकडला, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण तो वायू नळाने जुन्या तेलक्षेत्रात नेऊन जमिनीतले उरलेसुरले तेल वर काढायला वापरला जात होता. २०२० मध्ये तेलाचा भाव कोसळला तेव्हा प्रकल्पही बंद झाला, तो २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. हवा स्वच्छ ठेवण्याचे काम तेलाच्या भावावर अवलंबून राहिले, तर ते काम हवेसाठी चालले आहे असे म्हणता येत नाही.

मिसिसिपीतल्या केम्पर प्रकल्पाची कथा आणखी दुःखद. कोळशाचा वायू करून त्यातला कार्बन आधीच काढून घेण्याची ती योजना होती. तीन अब्ज डॉलरच्या आतला अंदाज साडेसात अब्जांवर गेला. २०१७ मध्ये कोळशाचा नाद सोडून केंद्र नैसर्गिक वायूवर चालवायचे ठरले आणि २०२१ मध्ये तो महागडा सांगाडा सुरुंग लावून पाडला गेला.

ब्रिटनचा धडा यापेक्षा वेगळा आणि आपल्याला अधिक उपयोगी आहे. तिथल्या सरकारने २००७ पासून कोळशाच्या केंद्रात कार्बन पकडण्यासाठी स्पर्धा मांडल्या, एक अब्ज पौंडांची तयारी दाखवली. पहिली योजना २०११ मध्ये बारगळली, दुसरी २०१५ मध्ये रद्द झाली. दरम्यान २०१३ मध्ये त्यांनी विजेसाठी जाळल्या जाणाऱ्या कोळशाच्या कार्बनवर किमान किंमत लावली आणि समुद्रात पवनचक्क्या उभारल्या. २०१२ मध्ये ब्रिटनची चाळीस टक्क्यांच्या आसपास वीज कोळशाची होती. ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफचे शेवटचे केंद्र बंद झाले. १८८२ मध्ये लंडनच्या हॉलबर्न व्हायाडक्टपासून सुरू झालेला १४२ वर्षांचा अध्याय संपला. एकाही मोठ्या कोळसा केंद्रावर कार्बन पकडणारी यंत्रणा बसली नाही, आणि तशी गरजही पडली नाही.

आपल्याकडचे प्रयत्न पाहू. मध्य प्रदेशातल्या विंध्याचल केंद्रात, ४,७६० मेगावॅटच्या त्या अवाढव्य केंद्रात, एनटीपीसीने २०२२ मध्ये दिवसाला २० टन कार्बन डायऑक्साइड पकडणारा प्रकल्प सुरू केला. या वायूपासून मिथेनॉल बनवणे हा त्यामागचा हेतू. अभियंत्यांच्या दृष्टीने हे शिकण्याचे काम आहे आणि ते झालेच पाहिजे. पण आकाराचा अंदाज घ्यावा. ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला १ कोटी २० लाख युनिट वीज देतो आणि त्यासोबत सुमारे ११ हजार टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. मिनिटाला जवळपास आठ टन. म्हणजे दिवसभरात पकडलेला २० टन वायू हा अशा एकाच संचाच्या अडीच मिनिटांचा धूर. प्रयोगशाळेतले हे रोप उद्याचे जंगल आहे असे समजून आजचे धोरण आखणे धोक्याचे आहे.

आता मूळ मुद्दा. अमाइन कार्बन डायऑक्साइड धरते, पण गंधकाच्या वायूशी त्याची गाठ पडली तर ते कायमचे क्षारात अडकते. तापवूनही सुटत नाही, फेकून द्यावे लागते. म्हणून कार्बन पकडण्याआधी धुरातला सल्फर डायऑक्साइड जवळजवळ पूर्ण धुवावा लागतो. त्यासाठी जी यंत्रणा लागते तिला आपल्याकडे सगळे एफजीडी म्हणतात. डहाणूला बसवली तीच. एफजीडीशिवाय कार्बन पकडणे ही निव्वळ कागदावरची गोष्ट आहे.

या एफजीडीचे आपण काय केले? डिसेंबर २०१५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने औष्णिक केंद्रांसाठी गंधक, नायट्रोजनचे ऑक्साइड, धूलिकण, पारा आणि पाण्याचा वापर यांचे कडक निकष अधिसूचित केले. मुदत होती दोन वर्षांची. ती २०१७ वरून २०२२ वर गेली. २०२१ मध्ये केंद्रांचे अ, ब, क असे गट पाडले गेले, मग मुदत आणखी दोनदा वाढली. आणि ११ जुलै २०२५ रोजी मंत्रालयाने ‘क’ गटातल्या, म्हणजे देशातल्या सुमारे ७८ टक्के संचांना गंधकाच्या निकषातून मोकळे केले. अट राहिली ती धुराड्याच्या उंचीची. दिल्ली परिसर आणि दहा लाखांवर वस्तीची शहरे यांच्या दहा किलोमीटरच्या आत असलेल्या केंद्रांना २०२७ अखेरची मुदत मिळाली. अतिप्रदूषित क्षेत्रांजवळच्या केंद्रांबाबत प्रकरणागणिक ठरवायचे आहे.

या सुटीच्या समर्थनार्थ जे युक्तिवाद झाले ते टाकाऊ नाहीत, म्हणून त्यांना उत्तर द्यायला हवे. पहिला असा की भारतीय कोळशात गंधक अर्ध्या टक्क्याच्या आसपासच असतो. खरे आहे. पण त्याची उष्णता कमी असल्याने तो जाळावाही जास्त लागतो. ५०० मेगावॅटचा संच दिवसाला सुमारे साडेसात हजार टन कोळसा खातो. त्यातला अर्धा टक्का गंधक म्हणजे ३७ टनांच्या आसपास, आणि त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो ७५ टन. रोज, एका संचातून. हा वायू हवेत जाऊन अमोनियाशी मिळतो आणि सल्फेटचे सूक्ष्म कण तयार होतात, जे फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. २७५ मीटरचे धुराडे हा वायू नाहीसा करत नाही. आपल्या गावावरून उचलून तो शंभर-दोनशे किलोमीटरवरच्या गावावर टाकते.

दुसरा युक्तिवाद हवामानाचा. एफजीडीत खाऱ्या पाण्याऐवजी चुनखडी वापरली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि यंत्रणेलाही वीज लागते, त्यामुळे तापमानवाढ उलट वाढेल, असे सांगितले जाते. हिशेब मांडून पाहू. ७५ टन सल्फर डायऑक्साइड चुनखडीने धुताना सुमारे ५० टन कार्बन डायऑक्साइड सुटतो. तोच संच त्या दिवशी ११ हजार टन सोडत असतो. हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही आत. यंत्रणेला लागणारी वीज धरली तरी सगळे मिळून दीड-दोन टक्क्यांची बाब. ज्या देशाला हे दीड-दोन टक्के जड वाटतात, तो कार्बन पकडण्यासाठी वीस-पंचवीस टक्के वीज कशी मोजणार आहे? दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने सांगता येत नाहीत.

तिसरा युक्तिवाद खर्चाचा. खर्च मोठा आहे, आणि तो वीजदरात उतरेल हेही खरे. पण तो न केल्याने वाचलेला पैसा कुठे जातो हे विचारायला हवे. तो कोराडी, चंद्रपूर, खापरखेडा, दीपनगर, एकलहरे इथल्या वीजकेंद्रांभोवतीच्या घराघरात दम्याच्या औषधांवर, बुडालेल्या रोजंदारीवर खर्च होतो, फक्त त्याची पावती वीजबिलावर येत नाही.

विदर्भाच्या बाबतीत तर निसर्गानेच सोय करून ठेवली आहे. चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा आहे, २,९२० मेगावॅटचे केंद्र आहे, आणि कोरपना-राजुरा पट्ट्यात चुनखडीही आहे. म्हणून तर गडचांदूर आणि आवारपूरला सिमेंटचे कारखाने आले. एफजीडीत चुनखडी गेली की जिप्सम तयार होतो, आणि सिमेंट बनवताना शेवटच्या दळणात तीन ते पाच टक्के जिप्सम लागतोच. चुनखडी, गंधक धुणारे केंद्र आणि जिप्समचे गिऱ्हाईक हे तिन्ही एका जिल्ह्यात. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत ज्या शहराचे नाव आहे त्या चंद्रपूरला याहून जवळचा उपाय कोणता?

आता पुरण्याच्या जागेबद्दल. महाराष्ट्राचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या कातळावर, बेसॉल्टवर, वसला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे हे थर. बेसॉल्टमधले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याचा दगड करतात. आइसलंडमध्ये कार्बफिक्सच्या प्रयोगात २०१२ मध्ये पाण्यात विरघळवून सोडलेला वायू दोन वर्षांत ९५ टक्क्यांहून अधिक खनिज बनला. सह्याद्रीच्या पोटात हा साठा करता येईल का, हा शास्त्रज्ञांनी आवर्जून तपासावा असा प्रश्न आहे, त्याचे आकर्षण मलाही वाटते.

पण त्या पद्धतीत एक टन वायूला सुमारे २५ टन पाणी लागते. ५०० मेगावॅटच्या एका संचाच्या दिवसाच्या धुरातला दहा हजार टन वायू पुरायचा तर रोज २५ कोटी लिटर पाणी हवे. माणशी १३५ लिटर धरले तर साडेअठरा लाख माणसांचे एका दिवसाचे पाणी, आणि तेही एकाच संचासाठी. पाण्याशिवाय, केवळ दाबलेला वायू बेसॉल्टमध्ये सोडण्याचा प्रयोग अमेरिकेत वल्लुला इथे २०१३ मध्ये झाला, तो सुमारे एक हजार टनांचा. शिवाय जमिनीत दाबाने द्रव सोडताना भूकंपाचा विचार टाळता येत नाही. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आपण विसरलेलो नाही. तिथल्या भूगर्भाचा अभ्यास करण्यासाठी शास्त्रज्ञांनी अलीकडे तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा कुठे त्या कातळाखाली काय आहे याची थेट ओळख होऊ लागली. ज्या जमिनीची ओळख आत्ता होते आहे तिच्या भरवशावर आजची धुराडी चालू ठेवणे शहाणपणाचे नाही.

यावर माझे मित्र म्हणतात, मग काय, उद्यापासून कोळसा बंद करायचा? देशात दहापैकी सुमारे सात युनिटे कोळशाची आहेत. अमेरिकेत माणशी वर्षाला १४ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, भारतात दोन टन. ज्यांनी दीडशे वर्षे वातावरण भरले त्यांनी आपल्याला संयम शिकवू नये. हे म्हणणे न्याय्य आहे आणि जागतिक व्यासपीठावर भारताने ते ठणकावून सांगितले पाहिजे. पण हा न्याय कुणासाठी मागायचा? जागतिक न्यायाचा दावा ज्या गरिबाच्या नावाने केला जातो, तोच गरीब चंद्रपूर केंद्राच्या ऊर्जानगरच्या आणि कोराडीच्या भोवती राहतो. त्याच्या दारातला गंधक, धूळ आणि राख यांच्याशी अमेरिकेच्या उत्सर्जनाचा काही संबंध नाही. जगाकडून हक्क मागताना घरातल्या माणसाचा हक्क आधी द्यावा लागतो.

कोळसा एका दिवसात जाणार नाही. म्हणूनच क्रम महत्त्वाचा. पहिली पायरी, २०१५ चे निकष परत पूर्ण अंमलात आणणे, गंधकासकट. दुसरी, जुने २१० मेगावॅटचे संच टप्प्याटप्प्याने निवृत्त करणे. जुना संच कोळशातल्या उष्णतेची ३३ ते ३५ टक्केच वीज करतो, कोराडीतले ६६० मेगावॅटचे संच त्याहून बरेच पुढे आहेत. त्याच विजेसाठी आठव्या-सातव्या हिश्श्याने कोळसा वाचतो, आणि ही बचत कोणताही वायू न पुरता होते. चंद्रपूरचे पहिले दोन संच निवृत्त झालेच आहेत. तिसरी, कोळसा धुऊन वापरणे. ५०० किलोमीटरपलीकडे नेल्या जाणाऱ्या कोळशात ३४ टक्क्यांहून जास्त राख नको, हा नियम मे २०२० मध्ये रद्द झाला. तो परत यायला हवा.

चौथी पायरी सूर्याची. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधून शेतीचे फीडर दिवसा सौरविजेवर नेण्याचे काम महाराष्ट्राने हाती घेतले. त्यातला पहिला प्रकल्प छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या धोंदलगावला २०२४ मध्ये सुरू झाला, अवघ्या तीन मेगावॅटचा. शेतकऱ्याला रात्री-अपरात्री, साप-विंचवाच्या भीतीत पंप लावायला जावे लागू नये ही मागणी किती जुनी आहे हे सांगायला नको. ती पूर्ण होताना दिवसाचा कोळसाही वाचतो. संध्याकाळच्या मागणीसाठी बॅटऱ्या आहेत, आणि सह्याद्रीत पाणी वर चढवून रात्री खाली सोडणारे प्रकल्प आहेत. घाटघरचा २५० मेगावॅटचा असा प्रकल्प २००८ पासून आपल्याच राज्यात उभा आहे.

आणि या सगळ्याला बळ देणारी गोष्ट, कोळशाला त्याची खरी किंमत लावणे. भारताने हे २०१० मध्येच सुरू केले होते. टनाला ५० रुपये उपकर लागला, तो वाढत २०१६ मध्ये ४०० रुपये झाला. एक टन कोळसा जाळला की हवेतला प्राणवायू जोडला जाऊन दीड टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे प्रत्येक टन वायूवर अडीचशे रुपयांहून जास्त कर होता. स्वच्छ ऊर्जेसाठी राखलेला हा पैसा २०१७ मध्ये जीएसटीच्या भरपाईत वळवला गेला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये उपकरच संपला, कोळशावर १८ टक्के जीएसटी आला. कर राहिला, पण स्वच्छ हवेसाठी त्याच्यावर असलेला हक्क गेला. तो निधी परत उभा राहिला पाहिजे, आणि त्याचा पहिला वाटा गंधक धुण्यासाठी आणि खाणी-केंद्रांत काम करणाऱ्यांच्या पुढच्या उदरनिर्वाहासाठी असला पाहिजे. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) खाणींवर आणि केंद्रांच्या ठेकेदारांकडे काम करणाऱ्या हजारो कंत्राटी कामगारांना निवृत्तिवेतनाची शाश्वती नसते. संच बंद होण्याची तारीख ठरवताना त्याच कागदावर त्यांचे प्रशिक्षण आणि पुनर्वसन लिहिले गेले नाही, तर तो निर्णय स्वच्छ म्हणता येणार नाही.

कार्बन पकडण्याचे तंत्र मग कुठे वापरायचे? उत्तर पुन्हा चंद्रपूर जिल्ह्यातच सापडते. विजेला पर्याय आहे, सिमेंटला तसा पर्याय अजून नाही. चुनखडी भाजली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भट्टी सौरविजेवर तापवली तरी हा वायू थांबत नाही, आणि सिमेंटच्या उत्सर्जनात त्याचा वाटा निम्म्याहून जास्त आहे. नॉर्वेत ब्रेविकच्या सिमेंट कारखान्यात २०२५ मध्ये वर्षाला चार लाख टन वायू पकडणारी यंत्रणा सुरू झाली, कारखान्याच्या जवळपास निम्म्या उत्सर्जनाएवढी. पुरण्याची जागा मर्यादित, पाणी मर्यादित, पैसा मर्यादित, तर हे महागडे औषध ज्याला दुसरे औषधच नाही त्या रोग्याला द्यावे. गडचांदूरच्या भट्टीला त्याची गरज आहे. ऊर्जानगरच्या बॉयलरला आधी गंधक धुवायचा आहे आणि मग सन्मानाने निवृत्त व्हायचे आहे.

एवढ्या पायऱ्या प्रामाणिकपणे चढलो तर निव्वळ शून्य उत्सर्जनाच्या २०७० पर्यंतच्या वाटेवर कोळशाची फार थोडी केंद्रे उरतील, आणि त्यांच्यावर कार्बन पकडण्याचा प्रश्न आपोआप लहान होईल. न चढलो, तर ते आश्वासन ऐकत आणखी एक पिढी तोच धूर श्वासात घेईल.

औष्णिक केंद्राला किंवा त्याच्या विस्ताराला मंजुरी देण्याआधी कायद्याने सहसा जनसुनावणी घ्यावी लागते. तुमच्या तालुक्यात ती होईल तेव्हा जा. मंचावरून कार्बन पकडण्याची ग्वाही दिली जाईल, पडद्यावर सुंदर चित्रे दाखवली जातील. ती शांतपणे ऐकून घ्या, मग उभे राहून एकच प्रश्न विचारा: गंधक कधी धुणार, तारीख सांगा. डहाणूच्या लोकांनी हाच प्रश्न आठ वर्षे विचारला, आणि नवव्या वर्षी त्यांना तो विचारावा लागला नाही.